अ‍ॅप कुणी बनवलं?

खराडीवरून पुढे जाणाऱ्या बसमध्ये श्यामलाबाईंच्या मागच्या सीटवर कॉलेजातल्या मॅडम शकीलाकडून मुलाखतीची तयारी करून घेत होत्या.

“हे अ‍ॅप कुणी बनवलं?”

“आम्ही.”

“याच ‘आम्ही’पायी दोन नोकऱ्या हुकल्या तुझ्या. ग्रुपमधले बाकीचे काय करत होते?”

“चहाला जायचे.”

“मग कुणी बनवलं?”

“मॅडम, ‘मी मी’ केलं की अम्मी रागावते.”

“अम्मी नाहीये मुलाखत घ्यायला. बोल.”

“मी बनवलं.”

“मोठ्यानं!”

“मी बनवलं!”

“कळलं हो, अख्ख्या बसला कळलं,” कंडक्टर म्हणाला. “उतरा आता, खराडी आली.”

“मॅडम, आपण दोघी जाऊ या ना कंपनीत?” उतरता उतरता शकीलानं विचारलं.

“तू जा. मी स्टॉपवर बसते.”

श्यामलाबाई खिडकीतून बघत राहिल्या. शकीला एकदा मागे वळली. मॅडमनी हातानंच ‘जा’ म्हटलं.