मापांची वही

— खाली, बाई. फुली मारलीय ना, तिथे. आणि दाबून लिहा. वर पांढरी, खाली पिवळी, मधे कार्बन आहे. नुसतं टेकवलंत तर पिवळीवर काही उमटत नाही आणि मग आमचा साहेब मला विचारतो. पांढरी आमची, पिवळी तुमची. ती मोठी चौकट शेऱ्याची, ती कोरीच ठेवा, तिथे कुणी काही लिहीत नाही. आधी वस्तू बघून घ्या, मग सही — घाई काय आहे? मुलाला सुटायला अजून दोन वर्षं आहेत. तोपर्यंत घरी जाऊन तरी काय करणार?

हं. एक फोन, काळा, काचेला तडा. तडा आधीचाच, आमचा नाही, लिहिलंय तसं. घराच्या किल्ल्या दोन, दुकानाची किल्ली एक. बस-रेल्वेच्या भाड्याचं कार्ड, त्यात काही शिल्लक असेल तर नशीब. एक छत्री, मोडकी. एवढंच. फुंग लोक-यान याच्या ताब्यातील वस्तू, स्वीकारणार त्याची आई, म्हणजे तुम्ही. संपलं.

वही? कुठली वही? — बघा, बाई, मी इथे काचेमागे बसतो म्हणून मला विसराळू समजू नका. माहीत आहे कुठली. मापांची. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग. ती यादीत नाही. पुरावा होता तो, आणि शिक्षा झाली की पुराव्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पट्ट्या झाल्या तिच्या. एवढ्या बारीक पट्ट्या, शेवयांसारख्या. मीच घातली कागद कापायच्या मशीनमध्ये. दोनदा अडकली — तुम्ही पानं शिवली होतीत ना दोऱ्याने, सुटी होऊ नयेत म्हणून? तो दोरा अडकला.

रडू नका इथे. मागे लोक आहेत.

हा फोन चार महिने माझ्या टेबलावर होता, ठाऊक आहे? माझं खरं काम हे, फोन उघडणं. बावीस वर्षं. कुलपं बदलत गेली, मी शिकत गेलो. पण या पोराने लावलेलं कुलूप — काय सांगू. आठ आकडे. दहा वेळा चुकलात की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. मी नऊदा चुकलो. त्याची जन्मतारीख लावली, तुमची लावली, तुमच्या यजमानांच्या मरणाची तारीखसुद्धा लावली — लावावी लागते, बाई, बहुतेकांची तीच असते. नाही उघडला. दहाव्यांदा आकडा लावायची छाती अख्ख्या खात्यात कुणाची झाली नाही. आणि निरोपांसाठी त्याने वापरलेलं ते साधन, ते तर त्याहून पक्कं. निरोप निघाला की गिचमिड होतो, पोचला की पुन्हा अक्षरं. वाटेत पकडा, कंपनीला धरा, मोठ्या साहेबाचं पत्र दाखवा — कंपनीकडेही गिचमिडच. आणि वर चोवीस तासांनी दोन्हीकडचं पुसलं जाणार. त्याने तुम्हाला समजावून सांगितलं होतं ना? "आई, दोन टोकं असतात, एक तुझं, एक माझं. मधल्या कुणाला काही कळत नाही." बरोबर सांगितलं होतं पोराने. मधल्या कुणाला म्हणजे मला. मला काही कळलं नाही. म्हणून मी टोकाला आलो. सात मजले, लिफ्ट नाही, माझे गुडघे बघा आणि तुमचा जिना बघा.

काय बघताय अशा? — हां. तुम्हाला अजून वाटतंय की फोन उघडला. त्याच्या त्या चष्मेवाल्या मित्राने आकडा दिला, असं ना? हो-सिनने. सगळ्या गल्लीला तेच वाटतं. त्याच्या आईचं बटणांचं दुकान, तीस वर्षं तुम्ही तिथून बटणं घेतलीत, आणि त्या दिवसापासून पायरी चढला नाहीत. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाता. आम्हाला कळतं सगळं, आमचं कामच ते. आता ऐका. हो-सिनने काही दिलं नाही. दोन दिवस बसवून ठेवलं त्याला, बसल्या जागी ओला झाला, पण एक आकडा दिला नाही. त्याला आकडा माहीतच नव्हता. हा फोन आजपर्यंत उघडलेला नाही, बाई. हा घ्या, जसा आला तसा. शाबूत.

मग कुणी दिलं? सांगतो ना. सही सावकाश करा, मला घाई नाही.

पहिल्या झडतीला आमची तरुण पोरं आली होती. त्यांनी गाद्या फाडल्या, तांदळाचा डबा ओतला, आणि ती वही चाळून शिवणाच्या मशीनवर परत ठेवली. कंबर बत्तीस, बाही साडेबावीस — शिवणाऱ्या बाईची वही, त्यात काय बघायचं? त्यांचा दोष नाही. त्यांच्या आया त्यांना रोज भेटतात. मी मात्र टेबलाशी बसून विचार केला: पकडला जाण्याआधी पोरगा घर सोडून गेलेला, कुठे झोपतो माहीत नाही, भेटत नाही, आवाज नाही, दिवसाला एखादा निरोप येतो, आणि तो उद्या पुसला जाणार. आई काय करेल? — उतरवून घेईल. दुसरं काय करणार? माझी बायको तेच करायची. आमची मुलगी कॅल्गरीला, तिचेही निरोप असेच विरघळणारे, बापाच्या नोकरीवर भरवसा नाही ना तिचा. तर आमच्या भिंतीवर ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, बायको पान फाडायची आणि मागच्या कोऱ्या बाजूला पोरीचं सगळं लिहून ठेवायची. "आज बर्फ पडलं." "मोजे मिळाले." बिस्किटांचा डबा भरला होता त्या पानांनी. ती गेल्यावर मला सापडला.

म्हणून आलो तुमच्याकडे. तुम्ही चहा विचारलात, आठवतं? घरभर बूट घालून फिरणाऱ्याला चहा. आणि मी सरळ मशीनकडे गेलो आणि वही उलट्या बाजूने उघडली. डावीकडे मापं, उजवीकडे पोरगा. तारीख, वार, वेळ — मिनिटासकट! आमच्या खात्यातली पोरं एवढं नीट लिहीत नाहीत. "सहा डिसेंबर, शुक्रवार, सव्वाचार. आई, सूप जास्त कर, चौघांना पुरेल असं. एकाच्या डोळ्याला लागलंय, त्याला चावता येत नाही, भात गाळून दे." झालं की नाही? आम्ही शोधत होतो ते फरारी चौघे कुठे? दुकानात. तुमच्या बंद दुकानात, मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमागे. "आठ डिसेंबर, रविवार. दुकानाची मागची कडी लावू नकोस." एवढी मोठी कंपनी, एवढं मोठं कुलूप, जगातले हुशार लोक रात्रंदिवस डोकं चालवतात, वाचता येऊ नये म्हणून — आणि तुम्ही बॉलपेनने, सुंदर अक्षरात, ओळ सोडून ओळ. मी हसलो. खरं सांगतो, तुमच्या दारातून बाहेर पडलो आणि जिन्यात बसून हसलो. चार महिन्यांनी हसलो.

तर असं. हो-सिन नव्हे. ती बटणवाली उगीच तीन वर्षं खाली मान घालून फिरली.

झाली सही? किती मोठं नाव लिहिता. लिहा, लिहा.

कोर्टात वही का नाही निघाली, हे विचारायचंय ना तुम्हाला? तोंड न उघडता विचारता येतं तुम्हाला, पोरावर गेलात — पोरगा तुमच्यावर गेलाय. पाच आठवडे त्याला समोर बसवलं. एक शब्द नाही. वकील सांगत होता, फोन उघडत नाही, चौघे तर बोटीने कधीच निघून गेले, तुमच्याकडे काही नाही, पोरगा सुटणार. आणि खरंच सुटला असता, बाई. मग मी ती वही त्याच्यासमोर ठेवली. एकच पान उघडून. त्याने अक्षर बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं टेबल उलटं करेल. पाणी मागितलं. मग विचारलं, "ही आली तर आईला साक्षीला बोलवणार?" मी म्हटलं, बोलवावंच लागेल, अक्षर कुणाचं ते सांगायला. आणि दुकानही तिच्याच नावावर, तेव्हा नुसती साक्ष देऊन ती घरी जाईल असंही नाही. "आणि मी कबूल केलं तर?" तर कशाला लागतेय वही. म्हणाला, "कुठे सही करू?"

बस. एवढंच. तुमच्यासारखा वेळ नाही लावला त्याने सहीला.

आणि उठताना म्हणाला, "हे आईला कधी सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत.

— बरं, म्हटलं होतं. म्हटलं असेल. म्हणायला काय, माणूस काहीही म्हणतो. महिन्यातून दोनदा काचेपलीकडे बसतो तो, तुम्ही अलीकडे, आणि काय सांगतो तुम्हाला? जेवलो. झोप लागते. तुम्ही सगळं हो-सिनवर घालता, तेही ऐकून घेतो ना? तोही खोटं बोलतो, बाई, तुमचाही मुलगा. मला फक्त एवढंच... तुम्हाला माहीत असावं एवढंच. उगीच आपलं, बिचारी आई, बिचारी आई. इथे आज माझी पाळी नव्हती. तुमचं नाव यादीत बघितलं आणि मागून घेतली.

कशाला मागून घेतली, काय कशाला. काम आहे.

हा? हा माझा फोन. काही नाही, असाच ठेवलाय. — तो लाल ठिपका? निरोप आहे. मुलीचा. बायकोच्या दिवसांनंतर एक आला, तेवढाच. उघडला नाही अजून. उघडला की चोवीस तास सुरू होतात, मग पुसला जातो, आणि लिहून ठेवायला आता घरात... मी लिहावं म्हणता? मला माझं अक्षर आवडत नाही. आणि काय असणार त्यात? शिव्या असतील. किंवा बर्फ पडलं असेल. तीन वर्षं होऊन गेली. असू दे, ठिपका दिसतो, बरं असतं.

तुमच्या पोराने तुम्हाला शिवी दिली असती ना, तर मला समजलं असतं. ज्या आईने अडकवलं तिला चार शब्द ऐकवतो माणूस. मी तर वही सहा वेळा वाचली, कुठे तरी सापडेल म्हणून. काय सापडलं? "एकोणीस डिसेंबर, गुरुवार, दुपारी दोन. गुडघ्याला मलम लाव. बाटली संपली असेल तर आण, काटकसर करू नकोस." "एकवीस डिसेंबर, शनिवार. उद्या थंडीचा सण, तू एकटी आहेस म्हणून गोड गोळे करणार नाहीस, मला माहीत आहे. कर. तिळाचे कर. मी मनात खाईन." "सव्वीस डिसेंबर. आज बसमधून आपली खिडकी बघितली, दिवा चालू होता, उतरलो नाही." — सगळं पाठ आहे मला. पट्ट्या केल्या तरी पाठ आहे. मला माझ्या मुलीचा जन्मवार आठवत नाही आणि तुमच्या पोराचा सव्वीस डिसेंबर आठवतो, ही काय शिक्षा आहे? आणि सगळ्यात शेवटचा, पकडला त्याच्या आदल्या दिवशीचा, जो तुम्ही मापांच्या मधेच आडवा लिहिला होतात, वाकडा, डोळ्यांत पाणी असेल तुमच्या — तो तर मला झोपेतून उठवून विचारा. "आई, मी जर —"

काय चाललंय?

बाई, काय लिहिताय? एवढी कसली सही? पेन थांबवा. पेन थांबवा म्हटलं ना! शेऱ्याची चौकट कोरी ठेवा असं सांगितलं होतं मी — बघू — "सहा डिसेंबर, शुक्रवार..." सूप... मलम... तिळाचे... अहो, तुम्हाला काही शरम आहे का? सरकारी कागद आहे हा! इतका वेळ मी बोलतोय आणि तुम्ही खाली मान घालून — मला वाटलं रडताय. या लिहिण्यापायी पोरगा आत गेला, तरी खोड जात नाही. मिनिटासकट! पुन्हा मिनिटासकट!

द्या इकडे. हात काढा. बोटं काढा काचेखालून, चिमटतील. पांढरी आमची, सुरुवातीलाच सांगितलं होतं. ही फाइलमध्ये जाणार आणि फाइल कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. दिसणार नाही तुम्हाला परत. आणि पेन सोडा, दोरीला बांधलंय, येत नाही ते तुमच्याबरोबर.

शेवटचा? नाही. शेवटचा सांगणार नाही. इतका वेळ बोललो तेच जास्त झालं. हात जोडून काय होतंय? तो माझ्याकडेच राहील. जा सांगा पोराला, विचारा काचेतून, आईला काय लिहिलं होतंस रे शेवटी. त्यालाही आठवणार नाही. पोरं लिहितात आणि विसरतात.

चला. ही तुमची पिवळी, पिशवी घ्या, छत्री घ्या. दार डावीकडे. एकशे बारा! एकशे बारा नंबर कोण आहे? या, आजोबा, ओळखपत्र काढून ठेवा. फुली मारलीय तिथे सही, दाबून, नाही तर खाली उमटत —

बाई.

ओ फुंगबाई! थांबा जरा, ती पिवळी — ती पिवळी बघू एकदा —