पिवळ्यातला माणूस

न्हाई न्हाई, तिकडं दारात नेऊ नका सर, इथंच बघा, या टेबलावर — उजेडाचं या पानांशी जमत न्हाई. काहून ते सांगतो, पण आधी नीट बघून घ्या, पुण्याहून सेनगावला तुमी काय माझं तोंड बघायला आलेले न्हाईत. एकतीस पानं हायत. पेपरवाल्यानं बातमीत पन्नास छापली — मीच सांगितली होती पन्नास, छापून यायचं म्हणलं की जरा वाढीव बरं दिसतं. आन त्यानं मला ‘ज्येष्ठ’ लिहिलं, तेवढ्यात फिटंफाट झाली.

तर हे असलं पान म्हणजे कॉमिकचं पहिलं अख्खं पान. चौकटी न्हाईत, पानभर एकच चित्र. आमी त्याला दरवाजा म्हणायचो. आत गोष्ट कशीबी असो, दरवाजा असा पाहिजे की पोरगं शाळेची घंटा विसरलं पाहिजे. आता इथं झेरॉक्सची मशीन हाय ना, तिथं वडलांची लायब्ररी होती, भाड्यानं कॉमिक द्यायची. आन पोरं काय करायची? पुस्तक गुमान परत आणायची, पण दरवाजा फाडून ठेवायची — घरी भिंतीला लावायला. बिनदरवाज्याचं पुस्तक मग कोण नेणार? म्हणून ही पानं. पुढची गोष्ट वाचायची, पहिलं पान कसं असंल ते डोक्यात आणायचं, हातानं काढायचं आन शिवून परत बसवायचं. एका गिऱ्हाइकाला कळलं न्हाई सर! एकाला!

कारण हात ओळखला होता. चित्रकारांची नावं त्या पुस्तकांत छापतच न्हवते, आमीच नावं ठेवलेली. एक शाईवाला — अर्धं पान काळं. त्याचा राक्षस दिसायचाच न्हाई, नुसता अंधार आन दोन पांढरे ठिपके, बाकीचा राक्षस तुमी घरी जाऊन तयार करायचा. दुसरा काडीवाला. बारीक बारीक रेघा, झाडाची पानं मोजून घ्या. पण पाऊस काढायचा झाला तर हा पाऊस काढायचाच न्हाई — बाकी सगळं काढायचा आन पावसापुरता कागद कोरा सोडायचा. तिसरा वाऱ्यावाला, त्याच्या बंद खोलीतबी वारा सुटलेला, आन बघणार कायम खालून, जसा काय घोड्याच्या पोटाखाली झोपून चित्र काढून राहिला. आता हे तिघं एकाच हातानं काढायचे म्हणजे सोपं हाय का? शाईवाल्याचं काळं भरताना तो श्वास धरून ठेवायचा, कुंचला उचलंस्तोवर सोडायचा न्हाई — मी. मी धरून ठेवायचो. तो म्हणजे हात हो, हात.

आन हा लाल बघा. ओठ एकीकडं, लाली जरा गालावर सरकलेली. छापखान्यात लाल नेहमी सरकायचा, म्हणून इथंबी सरकवलाय, केसभर. बराबर भरला असता तर चोरी पकडली गेली असती. असं डोकं कोणाचं चालतं सर? पिवळा मात्र आपल्या हिंगोलीच्या हळदीचा. बाभळीच्या डिंकात खललेली. काय उजेड पडायचा त्या पिवळ्यानं!

आता या कोपऱ्यात भिंग लावा. या पिवळ्यात. दिसला? माणूस हाय. पूर्वी इथं नुसता दिव्याचा उजेड होता, शप्पथ सांगतो. आधी टाच आली. दोन-तीन वर्षांनी गुडघा. मग हात. एकतीसच्या एकतीस पानांत, प्रत्येक पिवळ्यातून हा माणूस बाहेर येऊन राहिला. एकदा तर या पानातला त्या पानात गेला, तिथं नदी काढलेली ना, पाणी पिऊन आला. हसू नका. बायकोला सांगितलं तर आशाबाई म्हणती, तुमच्या भुताला म्हणावं बाहेर ये आन दुकानात गिऱ्हाइकांचे फॉर्म भरू लाग, लाईन लागलीय.

काय म्हणलात? पेन्सिल?

हुशार हायत तुमी. व्हय, पेन्सिलच. आधी पेन्सिलीनं माणूस काढलाय, वरून हळद दिलीय. हळद उजेडात उडते, पेन्सिल उडत न्हाई. म्हणून ही पानं काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. रंग जपायला, असं सगळ्यांना सांगतो. पण कापडातबी येतोच तो. चेहरा तेवढा आला न्हाई अजून. मी रोज बघतो — म्हणजे रोज न्हाई, पण रोजच. घरात कोणी नसलं की बघतो.

मी सोताला काढलंय का? सर, माझी उंची बघा आन त्याची बघा.

लिहा. थावरा राठोड. साखरा गावाच्या पल्याडचा तांडा. तवा दिवसभर इथं लायब्ररीतच असायचा. एकतीसच्या एकतीस त्याची. मी शाई ढवळायचो, बस. मुंबईच्या कंपनीचा माणूस नवे गठ्ठे घेऊन आला होता, पानं उलटता उलटता त्याच्या अंगठ्याला हळद लागली. म्हणला, हे आमचं न्हाई, कोणी काढलं? थावरा इथंच उभा, हातात ओला कुंचला. वडील बघून राहिले माझ्याकडं. आन मी म्हणलो, मी. त्या माणसानंबी तेच धरलं — दुकानदाराचं पोरगं बोललं, तांड्यावरच्या पोराकडं कशाला बघतो! मी आयुष्यभर थापा मारल्या सर, सिद्धेश्वरच्या धरणात देवमासा बघितला म्हणून सांगितलं, लोक पोट धरून हसले. या एका थापेला कोणीच हसलं न्हाई.

मला मुंबईला बोलावलं. टेबल दिलं, कागद दिला, टोकदार कुंचला दिला. दोन दिवस मी त्या पांढऱ्या कागदाम्होरं बसून होतो. तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणलो आन गाडी धरली. इथं येऊन सांगितलं, त्यांनी पाय धरले माझे, मीच म्हणलो शेत कोण बघंल. थावरानं सगळं ऐकून घेतलं. कुंचला धुतला, ओठांत धरून त्याचं टोक नीट केलं, आन या टेबलावर ठेवला. त्यानंतर रेघ मारली न्हाई त्यानं. ते टेबल त्याचं होतं सर, मुंबईचं. तोवर मला व्यंक्या म्हणायचा, त्या दिवसापासून व्यंकटराव. दर बाजाराला येतो, राम राम व्यंकटराव म्हणतो. शिवी दिली असती तर मी कधीच मोकळा झालो असतो.

थांबा — तो बघा, जीपमधून उतरला. उंच, डोक्याला रुमाल. इकडंच येऊन राहिला, सातबाऱ्याची झेरॉक्स लागत असंल. बरं झालं. आता तुमच्याम्होरं, त्याच्या तोंडावर सांगतो. वही उघडीच ठेवा सर, तुमी साक्षीदार.

या या, थावराभाऊ, बसा. राम राम. तीन प्रती ना? काढतो. हे सर पुण्याचे, पुस्तक लिहून राहिलेत जुन्या कॉमिकवर. ही पानं बघायला आलेत. ही — आपली ती — मी काढलेली. लहानपणची. व्हय.

घ्या ना, बघा. हातात घ्या.

कोणता? मागचा पाय? … व्हय, व्हय, घोड्याचा मागचा पाय आखूड पडलाय. माझी चूक. घाई झाली असंल तेव्हा. तुमी बराबर पकडलंत भाऊ. ह्या घ्या तुमच्या प्रती. तुमच्या पोरीला, पुनमला, पाठवा की एखाद्या दिवशी, तिचा कॉलेजचा फॉर्म भरून देतो. राम राम. राम राम.

गेला.

असं बघू नका माझ्याकडं. पस्तीस वर्षांत आज पहिल्यांदा त्यानं या पानांना हात लावला, पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलला, आन काय बोलला तर चूक दाखवली. सोताची चूक. आन तीबी मी घेतली.

वहीत काय ठेवायचं ते तुमचं तुमी बघा. मला विचारू नका, मी परत काहीतरी सांगंल. उठा सर. शटर ओढायचंय मला. व्हय, बाजाराच्या दिवशी. भर दुपारी. उठा म्हणलं ना.