लीलाधरच्या फोनावरून

लीलाधर : ताई, आधी बस तं खुर्चीवर. पंखा लावतो. नवेगावहून एवढ्या उन्हात आली...

प्रेमिला : बसाले नाही आली मी. गुंजनच्या कानाच्या मशीनचं तुह्या साडूले कोणं सांगितलं?

लीलाधर : उदारामजीले? मले का मालूम, ताई. गावात गोष्ट फिरत राहते.

प्रेमिला : गावात कोणाले मालूमच नव्हती तं फिरंल कशी? पोरीच्या बापालेही मालूम नव्हती. मले, गुंजनले अन् तुले. मशीन तुह्या फोनावरून मागवली, तुह्याच दुकानाच्या पत्त्यावर आली. अन् काल उदारामजीचा फोन येते का पोरगी भैरी आहे, तुम्ही लपवून ठेवलं, आता आमच्या भूपेंद्रचं लग्न तुमच्याकडं नाही. वरून फोटो धाडला. मशीनच्या खोक्याचा. त्याच्यावर तुहं नाव आहे, लीलाधर.

लीलाधर : फोटो धाडला त्यायनं? मी तं म्हटलं होतं, पाहून डिलीट करा.

प्रेमिला : म्हणजे तूच.

लीलाधर : माही अडचण समज ना यार, ताई. माह्या बायकोची सख्खी बहीण आहे त्या घरात. लग्न झाल्यावर निघालं असतं, तं पहिले मलेच धरलं असतं. म्हटले असते, मशीन तुह्याच फोनावरून आली अन् तू चुप बसला? मी दोनो तरफ से मेलो असतो.

प्रेमिला : पण लपवून कोण राहिलं होतं? रविवारी येणार होता ना भूपेंद्र बोदलकशाहून? गुंजन म्हणे, आई, मी मशीन घालूनच बसीन, केस वर बांधीन, त्याले दिसू दे. एका कानानं कमी ऐकू येते हे मीच सांगीन. मंग तो हो म्हणो का नाही म्हणो. रोज आरशासमोर उभी राहून बोलून पाहे, कोणत्या शब्दानं सुरू करू म्हणून. म्हणूनच मशीन रविवारच्या आधी पाहिजे होती. तुले सांगितलं नव्हतं का मी हे?

लीलाधर : सांगितलं होतं.

प्रेमिला : मंग?

लीलाधर : मले वाटलं, ऐन वेळेवर नाही बोलणार गुंजन. पोट्ट्या म्हणतात तसं, अन् पाहुणे आले का खाली मान घालून बसतात.

प्रेमिला : तुले वाटलं! अरे, तिच्या तोंडातली गोष्ट तू काढून घेतली. आता तिनं सांगितलं तरी लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून बोलली. भैरी म्हटल्याचं काही नाही रे, तिनं ते शाळेपासून ऐकलं. खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं तिले आजपर्यंत.

लीलाधर : अन् मुन्नाभाऊजी? त्यायले समजलं?

प्रेमिला : सकाळपासून माह्यासंग बोलत नाही. त्यायचं म्हणणं, मशीन घेतली तं गाव पोरीले नाव ठेवंल. खातं माह्या नावाचं, एटीएम कार्ड त्यायच्या खिशात. मागितलं का विचारतात, कायले पाहिजे. म्हणून तं तुह्याकडं येत होती मी. ते जाऊ दे. तू आता माह्यासंग चाल बोदलकशाले.

लीलाधर : मी? कायले?

प्रेमिला : उदारामजीसमोर उभा राहा अन् एवढंच सांग, का पोरगी रविवारी स्वतः सांगणार होती, हे मले मालूम होतं. नातं जुळो का ना जुळो. पोरगी खोटी नाही, एवढं सांग.

लीलाधर : आज दुकान कोण पाहील, ताई? फोनावर बोलतो ना मी. संध्याकाळी.

कवडू : लीलाधर! आली का रे माही दवाई?

लीलाधर : कवडूबुवा, जरा वेळानं या ना.

कवडू : जरा वेळानं मले एसटी तुहा बाप देईल का? दे पुडी. अन् कशाची हाय थे मोठ्यानं बोलू नोको, बाईमानूस उभी हाय.

प्रेमिला : काका, तुमच्यापाशी मोबाईल आहे का?

कवडू : हाय तं. पोराचा जुना हाय. पर थे कार्ड नाही ना बाई, पैशाच्या मशीनीचं. कार्डाबिगर फोनावरून पैसे जात नाही. हाच तं सांगते सगळ्यायले.

प्रेमिला : मलेही हेच सांगत होता. आधार आहे ना तुमच्यापाशी?

कवडू : थे कोनापाशी नाही?

प्रेमिला : मंग बँकेत जा. खात्याले अन् आधारले एकच नंबर जोडून घ्या. पोराले म्हणा, आधारवरून पिन बनवून दे. ओटीपी येते, टाकला का झालं. एटीएम कार्ड लागतच नाही. काल गुंजननं माहं बनवून देल्लं, बसल्या जागी.

कवडू : का रे लीलाधर? खरं हाय का?

लीलाधर : हां, मतलब... आता होते तसं.

कवडू : आता म्हंजे? कालपासून?

लीलाधर : झाले असतील काही वर्षं.

कवडू : काही वर्षं! अन् मी बैताडासारखा माह्या दुखन्याचं नाव तुह्या कानात सांगत होतो रे! दे इकडं. अन् हे कोनाच्या घरी बोलला असशील ना, तं पाहाय मंग.

(कवडू पुडी थैलीत खोल कोंबून निघून जातो.)

प्रेमिला : काऊन केलं असं, लीलाधर?

लीलाधर : एक पैसा वर घेतला का मी कोणाकडून? विचार कोणालेही.

प्रेमिला : घेतला असता तं बरं झालं असतं. दुकानदाराले सांगतात तेवढंच सांगितलं असतं तुले. माहेरच्या गावचा, भाऊबीजेले ओवाळते तो भाऊ, म्हणून पोरीच्या कानाचं तुह्यासमोर उघडं केलं मी. अन् तू मले खोटंच सांगून राहिला होता. माहा फोन माह्या हातात होता रे. पत्ता मी अंगणवाडीचा टाकला असता. कोणाले काही सांगाचं काम नव्हतं.

लीलाधर : आधी खरंच लागत होतं कार्ड. मंग ते बदललं, पण मी बोललो नाही. तुम्ही बाया येत होत्या, बसत होत्या. कोणाले क्रीम, कोणाले पोरासाठी पुस्तक. सासूले सांगू नको भाऊ, नवऱ्याले सांगू नको भाऊ. सगळं माह्यापाशी. ताई, मी दहावी नापास माणूस. मले कोण विचारे आधी? सगळ्या आपापल्या फोनावर करू लागल्या असत्या, तं या दुकानाची पायरी कोणं चढली असती?

प्रेमिला : मी चढली असती. पार्सल नसतं तरी चढली असती.

लीलाधर : चुकलं माहं, ताई.

प्रेमिला : मंग चाल. गाडीले टाइम आहे अजून. गुंजन स्टेशनावर बसून आहे. गोंदियापर्यंत रेल्वेनं, तिथून पुढं जाऊ. मी काही बोलणार नाही. तू फक्त ते एक वाक्य बोल.

लीलाधर : साडूसमोर? मीच सांगितलं अन् मीच आता पलटू? बायको घरात नाही घेणार मले.

प्रेमिला : गुंजनले घेऊन राहिलं का कोणी घरात?

लीलाधर : दुसरं काही सांग, ताई. काहीही सांग.

प्रेमिला : फोन काढ तुहा.

लीलाधर : कोणाले लावू?

प्रेमिला : लावू नको कोणाले. आम्ही दोघीच जातो, पोरगी तिच्या तोंडानं बोलंल तिथं. तू माहा नंबर काढून टाक त्याच्यातून.

लीलाधर : असं नको करू ना.

प्रेमिला : माह्यासमोर काढ. दाखव इकडं. कुठं आहे? याच्यात तं प्रेमिला नावच नाही.

लीलाधर : गावभरच्या बाया नावानं आहेत. तुहं नाव नाही टाकलं मी. नुसतं 'ताई' म्हणून आहे.

प्रेमिला : मंग तेच काढ.