फ्रिजचे हप्ते आणि सासूबाईंची भिशी

तुम्हाला सांगते, लग्नाला तीन महिने होत नाहीत तोच माझ्यावर पहिला आळ आला, तोही बँकेच्या मेसेजमुळं. ह्यांच्या क्रेडिट कार्डाचं मिनिमम, म्हणजे कमीत कमी भरायचं बिल, दर महिन्याला दोन हजार यायचं, ते एकदम सहा हजार आलं.

"तू काही मागवलंस का?" ह्यांनी हळूच विचारलं.

"कार्ड तुमच्या पाकिटात. मी कशी मागवणार?"

शेवटी बँकेला फोन लावला, स्पीकरवर. तिथली मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही फ्रिजच्या रकमेचे हप्ते पाडून घेतलेत. हप्ता पूर्णच्या पूर्ण मिनिमममध्ये धरतात."

"अहो, ओझं हलकं व्हावं म्हणून तर हप्ते पाडले!"

"हलकंच झालंय, सर."

तेवढ्यात गल्लीची भिशी चालवणाऱ्या आमच्या सासूबाई फोनवर वाकल्या. "पोरी, आमच्या भिशीत भरत राह्यलं की नंबर लागतो. तुमच्याकडं आमचा नंबर कधी?"

"तुमचा आधीच लागला, काकू. फ्रिज आला ना घरी?"

सासूबाईंना बराबर कळलं. लेकाला म्हणाल्या, "भिशी उचलली तू, मंग भर की मुकाट्यानं. सुनेला काय इचारतो?"