गुडघ्याचा डॉक्टर आणि शिंपी

दुपारची बस रिकामी होती, कंडक्टर पेंगत होता. एक सून घाईने चढली, आणि पुढच्या सीटवर तिला तिची सासू बसलेली दिसली. कंडक्टरची झोप उडाली.

"आई, तुम्ही? गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला होतात ना?"

"हो. आणि तुझा शिंपी?"

"तो... इकडेच असतो."

"आपल्या जुन्या गल्लीत?"

"तुमचा डॉक्टर कुठे असतो?"

"डॉक्टर कसला गं. आपल्या इस्त्रीवाल्याच्या बाकावर तासभर बसते, झालं."

"अगंबाई. आणि मी जुन्या घराखालच्या वहिनींकडे चहा पिते. मला वाटलं, नवी जागा तुम्हाला मानवली. रोज म्हणता, किती शांत."

"शांत म्हणजे काय, समोरच्या बाईंकडे वाटीभर साखर मागितली, तर त्यांनी दुकानाचा पत्ता सांगितला."

"मग बोलला का नाहीत?"

"लेकाने एवढ्या हौसेने घर घेतलं. त्याचं मन कशाला मोडू?"

"मीही त्यांच्यासाठीच गप्प बसले. त्यांना तरी करमतंय."

"त्याला? परवा केस कापून आला, ते मागून बघितलेस? मानेवर तिरके. इतके तिरके कापणारा जगात एकच न्हावी आहे, आपला."

"ते तर म्हणाले, नव्या घराखालीच कापले."

सासूला हसू आवरेना, आणि सुनेलाही.

"तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"पाण्याच्या टाकीची दोन द्या, नव्या घराशी उतरायचंय," सासू डोळे पुसत म्हणाली. "काय गं, मग त्या घरात राहतं तरी कोण?"