ग्लिनची निवृत्ती

खेळाडू पन्नाशीला आला की त्याच्या निवृत्तीची घाई त्याच्यापेक्षा संपादकांनाच जास्त असते, हे मी पस्तीस वर्षं बातमीदारी करताना बघतोय. ग्लिन हा वेल्स देशाचा व्यावसायिक स्नूकरपटू. वय त्रेपन्न. यंदा व्यावसायिकांच्या यादीतून बाहेर पडला आणि लेकीकडे इथे मेलबर्नला आला. लगेच आमच्या मराठी वेबसाइटचा संपादक प्रथमेश याचा फोन. "काका, तो तुमच्या क्लेटन उपनगरातल्या स्नूकर क्लबात खेळतोय. रिटायरमेंटची बातमी काढा. चारपर्यंत हवी."

गेलो. ग्लिनचा सराव चालू होता. पंधरा लाल आणि सहा रंगीत चेंडू एकदाही न चुकता संपवायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. "एकदा जमू दे, मग बोलू," म्हणाला. दोन तास तो चुकत होता आणि मी बघत होतो. शेवटी फक्त काळा चेंडू उरला. चार वाजायला पाच मिनिटं होती. मला राहवलं नाही.

"निवृत्ती कधी घेतोयस?"

काळा हुकला.

"पुढच्या महिन्यात पात्रता फेरी आहे," तो शांतपणे म्हणाला. "जिंकलो की परत यादीत. तुझं वय काय?"

"पासष्ट."

"तुला कुणी हा प्रश्न विचारला तर?"

"कानाखाली वाजवीन."

"मी वाजवत नाही. चेंडू लाव."

चार वाजता प्रथमेशचा फोन. "काका, बोलला का तो?"

"बोलला. अजून नऊ लाल लावायचेत. फोन ठेव."