शिवण्णाचा दुसरा डबा
आमच्या शिवण्णाचं सांगतो, ऐका. मोहोळकडच्या आमच्या साखर कारखान्यात बॉयलरला दोन कंट्रोलर आहेत. एक बंद पडला की दुसरा काम उचलतो. परवा तसंच झालं, आणि सकाळीच बटण दाबून गप्प केलेले सगळे अलार्म पुन्हा कोकलायला लागले.

मी वैतागलो. "अरे, हे सगळं बघितलंय की!"

जोडीदार शिवण्णा म्हणाला, "आपण बघितलंय. ह्या दुसऱ्याला कुटं म्हाईत हाय? आमच्या आईचंबी तसंच. माजा धाकटा भाऊ वारला, हे ती रोज विसरती. सांगितलं की रोज नव्यानं रडायची. आता सांगतो, कामावर गेलाय."

"मग?"

"मग काय, त्याचा डबा भरून देती."

शिवण्णा रोज दोन डबे आणायचा. दुसरा इतके दिवस मी खात होतो, लई चवीनं.